नॉर्वेचा राजा कोपनहेगनला राहायचा

१७९९ साली डेन्मार्कच्या राजधानीतल्या, म्हणजे कोपनहेगनच्या, सर्वोच्च न्यायालयाने क्रिस्तियान लोफ्थूस नावाच्या एका नॉर्वेजियन शेतकऱ्याची जन्मठेप कायम केली. पंचाईत एवढीच की लोफ्थूसला जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. आजच्या ओस्लोतल्या आकेर्सहुस किल्ल्यात दहा वर्षं साखळदंडात काढून तो १७९७ मध्ये तिथेच मेला. आरोपी संपला, पण कागद आपल्या चालीने वरच्या कोर्टाकडे सरकत राहिले.

त्याने केलं काय होतं? अधिकारी नेमून दिलेल्या दरापेक्षा जास्त पैसे उकळतात, ही तक्रार घेऊन तो थेट राजवाड्यात गेला होता. प्रजेने राजाकडे अर्ज करायला तेव्हा बंदी नव्हती. उलट असे अर्ज वर्षानुवर्षं ढिगाने येत. मग या माणसावर एवढा राग का? त्यासाठी आधी ते राज्य चालायचं कसं, ते पाहू.

नॉर्वे आणि डेन्मार्क यांचा राजा १३८० पासून जवळजवळ सलग एकच होता. १३९७ मध्ये स्वीडनही येऊन मिळालं, त्याला काल्मारचा संघ म्हणतात. स्वीडन पुढे फुटून निघालं, नॉर्वे राहिलं. ही जोडी मोडली ती १८१४ मध्ये. म्हणून नॉर्वेत या काळाला ‘चारशे वर्षांची रात्र’ म्हणायची पद्धत पडली. शब्द झकास आहे, पण माझ्या मते थोडा फसवा. रात्र झाली ती वरच्या मजल्यावर. खाली, गावात, एक दिवा कायम तेवत होता आणि तो विझवायचा म्हटलं तर राजाचीच वाट अंधारात गेली असती.

आधी वरचा मजला. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेगची काळी साथ आली. निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं गेली, गावंच्या गावं ओस पडली आणि शेतसाऱ्यावर जगणारी सरदार घराणी एकामागून एक निर्वंश झाली किंवा सामान्य शेतकऱ्यांत विरघळून गेली. देशाची स्वतःची राज्यसभा होती, तिचा प्रमुख निदारोसचा, म्हणजे आजच्या ट्रॉनहाइमचा, आर्चबिशप. सरदार संपत आल्यावर ‘नॉर्वे’ म्हणून बोलणारी एकच ताकद उरली, ती म्हणजे चर्च. आणि नेमक्या त्याच वेळी युरोपात पोपच्या चर्चविरुद्ध मार्टिन ल्यूथरचं वादळ सुरू झालं.

डेन्मार्कमध्ये दोन वर्षांचं यादवी युद्ध जिंकून ल्यूथरपंथी तिसरा क्रिस्तियान गादीवर आला. १५३६ मध्ये त्याने डॅनिश सरदारांना लिहून दिलं की यापुढे नॉर्वे हे वेगळं राज्य असणार नाही; युटलंड, फ्यून, स्कोनसारखा तो डेन्मार्कचा एक भाग असेल. पुढच्या वसंतात आर्चबिशप ओलाव्ह एंगेलब्रेक्तसन खजिना आणि दफ्तर जहाजात घालून नेदरलँड्सला पळाला आणि वर्षभरात तिकडेच वारला. (त्याच्याबरोबर गेलेले बरेचसे कागद पुढे म्युनिकमध्ये सापडले आणि एकोणिसाव्या शतकात परत आले. पळताना सोन्याइतकेच कागद जपणारा माणूस मला आवडतो.) राज्यसभा बुडाली, चर्चच्या जमिनी राजाच्या झाल्या आणि देवळातली भाषा डॅनिश झाली. नॉर्वेजियन भाषा लिहिण्यातून जवळपास गेलीच होती. १५५० चं डॅनिश बायबल आलं आणि उरलंसुरलं तेही गेलं.

आता खालचा मजला. राज्यसभा मोडणं सोपं होतं, कायदा मोडणं अवघड. मागनुस लागाबोते या राजाने १२७४ मध्ये सगळ्या नॉर्वेसाठी एकच कायदा केला होता. लागाबोते म्हणजे कायदा दुरुस्त करणारा. राजा बदलला, धर्म बदलला, तरी गावातले तंटे त्याच कायद्याने तुटत. त्यामुळे ‘नॉर्वे आता प्रांत आहे’ हे वाक्य कागदावरच राहिलं. राजे स्वतःला ‘डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा’ म्हणवून घेत राहिले, कारण नॉर्वेला वेगळा कायदा होता आणि वेगळा कायदा म्हणजे वेगळं राज्य.

हा कायदा जिथे चाले ती सभा म्हणजे ‘तिंग’. शब्द व्हायकिंग काळापासूनचा. आजच्या नॉर्वेच्या संसदेचं नाव स्टोर्टिंग, म्हणजे मोठं तिंग. गावाचं तिंग साधारण वर्षातून तीनदा भरे, वसंतात, उन्हाळ्यात आणि शरदात, बहुधा एखाद्या ऐसपैस शेतघरात. त्या खोलीत बसलेली माणसं ओळखली की निम्मं राज्य कळतं.

एका बाजूला ‘फोग्त’: राजाचा वसुली अधिकारी, सारा गोळा करणारा, दंड लावणारा, गरज पडली तर खटला चालवणारा. त्याच्या शेजारी ‘लेन्समान’. हा गावचाच शेतकरी. फोग्ताचा हात आणि गावाचं तोंड, दोन्ही तोच. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारा. बाकावर शपथ घेतलेले शेतकरी, पंच म्हणा, यांना ‘लाग्रेट’ म्हणत. निवाडा यांचा: बांध कुणाचा, मारामारीत आधी हात कुणी उगारला, मुलाचा बाप कोण. राजाचा नवा हुकूम आला की तो इथेच मोठ्याने वाचला जाई, जमिनीची खरेदी-विक्री इथेच पुकारली जाई, कर इथेच जमा होई. वर्तमानपत्र, रजिस्टर कचेरी, कोर्ट आणि तिजोरी, सगळं एका खोलीत, ओल्या लोकरीच्या वासासकट.

आणि टेबलाशी बसलेला लिहिणारा माणूस. त्याची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे.

पंचांना कायदा तोंडपाठ असे, पण बहुतेकांना लिहिता येत नसे. निकाल कागदावर नाही म्हटल्यावर फोग्ताला रान मोकळं. दंड किती ठरला आणि राजाच्या तिजोरीत किती पोचला, कुणी पडताळायचं? म्हणून १५९१ मध्ये राजाने हुकूम काढला की प्रत्येक तिंगाला शपथबद्ध लेखनिक असावा. त्याचं नाव ‘सोरेनस्क्रीवर’. काम फक्त लिहिण्याचं. पण ज्याच्या हातात वही, त्याला मागचे निकाल ठाऊक. ज्याला मागचे निकाल ठाऊक, त्याला पंच हळूच विचारणार, ‘‘अशा वेळी काय करतात हो?’’ १६३४ मध्ये तो पंचांच्या बरोबरीने निवाड्याला बसू लागला. १६८७ च्या कायद्याने बहुतेक दावे तो एकट्याने चालवू लागला. पंच उरले ते वडिलोपार्जित जमिनीच्या आणि जीव किंवा अब्रू जाऊ शकेल अशा खटल्यांपुरते. शंभर वर्षांत कारकुनाचा न्यायाधीश झाला, तोही कुणी ढोल न वाजवता. नॉर्वेत जिल्हा न्यायालयाच्या प्रमुखाला आजही सोरेनस्क्रीवरच म्हणतात.

हा लेखनिक बहुतेक वेळा कोपनहेगनला शिकलेला किंवा तिकडून आलेला. त्याच्यापुढे वेगळीच अडचण होती. १२७४ चा कायदा जुन्या नॉर्स भाषेत होता आणि ती वाचता येणारी माणसं संपत चालली होती. म्हणून चौथ्या क्रिस्तियानने १६०४ मध्ये त्याचं डॅनिश रूप छापून काढलं. भाषांतरात चुका होत्या. जुने शब्द भाषांतरकारांनाच धड कळले नव्हते. तरी एक झालं: तिंगात सगळ्यांसमोर एकच छापील पुस्तक आलं.

हा चौथा क्रिस्तियान (कारकीर्द १५८८ ते १६४८) नॉर्वेत पुन्हा पुन्हा येणारा विरळा राजा. १५९९ मध्ये तो जहाजाने उत्तरेच्या टोकाला वळसा घालून थेट रशियाच्या कोला किनाऱ्यापर्यंत गेला. १६२४ मध्ये ओस्लो जळलं तेव्हा त्याने शहर उचलून किल्ल्याच्या सावलीत नव्याने वसवलं आणि त्याला आपलं नाव दिलं, क्रिस्तियानिया. आदल्याच वर्षी कोंग्सबर्गला चांदी सापडली होती. तिथेही जर्मन खाणकामगार आणून गाव उभं केलं. १७७० च्या सुमाराला त्या खाणीवर चारेक हजार माणसं राबत होती. चांदी, तांबं, इमारती लाकूड आणि मासळी ही नॉर्वेची कमाई, आणि त्या बदल्यात हवं असे धान्य, कारण या डोंगराळ देशात नांगराखाली येणारी जमीन शेकडा तीनच्या आसपास. धान्याची ही गरज पुढे फार महागात पडणार होती.

युद्धंही परवडत नव्हती. स्वीडनशी पुन्हा पुन्हा जुंपली, १६४५ मध्ये येम्टलंड आणि हेरयेडालेन हे नॉर्वेचे प्रांत गेले, १६५८ मध्ये बोहुस गेलं. ट्रॉनहाइमही गेलं आणि दोन वर्षांत परत मिळालं. राज्य कर्जात बुडालं. १६६० मध्ये कोपनहेगनला सभा भरली. शहरातले व्यापारी आणि पाद्री एकीकडे, कर न देणारे सरदार दुसरीकडे. त्यात सरदार हरले आणि राजा तिसरा फ्रेडरिक वंशपरंपरागत, निरंकुश सत्ताधीश झाला. नॉर्वेला कुणी विचारलं नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये क्रिस्तियानियात प्रतिनिधींना गोळा करून युवराजासमोर शपथ घ्यायला लावली आणि राजाला सर्व सत्ता देणाऱ्या दस्तऐवजावर सह्या घेतल्या.

या सत्तेचा लेखी पाया म्हणजे १६६५ चा ‘राजकायदा’. राजा देवाखेरीज कुणालाही जबाबदार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बंधनं तीनच: ल्यूथरपंथ सोडायचा नाही, राज्याचे तुकडे पाडायचे नाहीत आणि हा कायदा स्वतः मोडायचा नाही. गंमत अशी की हा कायदा प्रजेला दाखवलाच नव्हता. तो छापून बाहेर आला १७०९ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. तो लिहिणारा पेडर शूमाकर पुढे ग्रिफेनफेल्ड हा किताब घेऊन राज्याचा सर्वेसर्वा झाला, मग १६७६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडला गेला. वधस्तंभावर मान टेकवल्यावर त्याला जीवदान मिळालं, आणि पुढे अठरा वर्षं तो ट्रॉनहाइमसमोरच्या मुंकहोल्मेन बेटावर कैदी होता. राजा कुणाला जबाबदार नसतो, हे त्याच्यापेक्षा नेमकं कुणाला कळलं असेल?

पण या निरंकुश राज्याने नॉर्वेच्या शेतकऱ्याचं काय केलं? इथे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं.

पूर्वी मोठमोठे सुभे सरदारांकडे असत आणि वसुलीतला वाटा ते ठेवून घेत. १६६० नंतर त्यांच्या जागी पगारी ‘आम्टमान’ आले, राजाने नेमलेले आणि राजाने काढलेले. सरदारांचं वजन घटलं. त्यात राजाकडे सावकारांना द्यायला पैसा नव्हता, म्हणून त्याने राजाच्या आणि पूर्वीच्या चर्चच्या जमिनी त्यांच्या पदरात घातल्या. सावकारांना कुठे नॉर्वेच्या कडेकपारीत शेती करायची होती! त्यांनी त्या विकल्या आणि बऱ्याच जमिनी त्या कसणाऱ्या कुळांनीच घेतल्या. १६६० च्या सुमाराला बहुतेक शेतकरी कुळं होते; अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुसंख्य मालक झाले होते. राजाच्या दिवाळखोरीतून शेतकऱ्याची मालकी आली, असं म्हटलं तरी चालेल.

जमिनीला ‘ओडेल’ नावाचं जुनं कवचही होतं. घराण्याची जमीन बाहेर विकली गेली, तर ठरावीक मुदतीत नातलगाला ती परत विकत घेण्याचा हक्क. याच काळात डेन्मार्कमध्ये काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहा: १७३३ पासून १७८८ पर्यंत तिथल्या शेतकरी पुरुषाला जमीनदाराच्या परवानगीशिवाय इस्टेट सोडून जाता येत नव्हतं. नॉर्वेत हे बंधन कधी आलंच नाही. एकच राजा, पण समुद्राच्या अलीकडचा शेतकरी बांधलेला आणि पलीकडचा मोकळा.

राजाचं औदार्य यात फारसं नव्हतं. विखुरलेली शेतघरं, मध्ये फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, आणि डोंगर. तिथे जहागिरी उभ्या राहणं कठीण. शिवाय नॉर्वेचं सैन्य शेतकऱ्यांचंच होतं. १६२८ पासून काही शेतांचा मिळून एक गट करत, प्रत्येक गटाने एक सैनिक द्यायचा. हा सैनिक एरवी शेतावर राबे आणि रविवारी प्रार्थना सुटली की देवळापाशी कवायत करे. ज्याच्या हातात आपण बंदूक दिली आहे, त्याला बेडी घालताना कुठलाही राजा दोनदा विचार करतो.

मोकळा म्हणजे सुखी असंही नाही. साऱ्याखेरीज वेठ होतीच. सरकारी माणूस रस्त्याने आला की त्याला पुढच्या ठिकाणापर्यंत घोडा नाही तर होडी द्यायची, मग कापणीचा हंगाम असो की बर्फाचं वादळ. १६४७ मध्ये टपाल सुरू झालं, तेही वाटेवरच्या शेतकऱ्यांच्या पायांवर: एकाने पुढच्याला थैली पोचवायची, पुढच्याने त्याच्या पुढच्याला.

१६८७ मध्ये पाचव्या क्रिस्तियानचा ‘नॉर्वेचा कायदा’ आला आणि मागनुसचा कायदा निवृत्त झाला. सहा भागांचा हा ग्रंथ बराचसा डेन्मार्कच्या १६८३ च्या कायद्यावर बेतलेला, पण ओडेलसारख्या नॉर्वेच्या खास गोष्टी त्यात राहिल्या. अपिलाची शिडी अशी: गावचं तिंग, मग प्रांताचं, मग क्रिस्तियानियातलं वरचं कोर्ट आणि शेवटी कोपनहेगन. प्रत्येक पायरीला वेळ आणि पैसा. लोफ्थूसचा मरणोत्तर निकाल याच शिडीवरून आला.

जाता जाता, आपल्याशी असलेला एक धागा. याच राजांच्या झेंड्याखाली १६२० मध्ये तंजावरच्या नायकाकडून तमिळ किनाऱ्यावरची तरंगंबाडी मिळवून तिथे कोठी बांधली गेली. जहाजांवर नॉर्वेचे खलाशीही असत. पुढे तंजावर भोसल्यांकडे आल्यावर या डॅनिश कोठीवाल्यांचा व्यवहार मराठी दरबाराशी सुरू झाला. चौथ्या फ्रेडरिकने १७०६ मध्ये तिथे मिशन धाडलं, आणि त्याच मिशनमधून आलेला श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री सरफोजी राजांचा शिक्षक झाला.

परत नॉर्वेत. १७३५ मध्ये कोपनहेगनने ठरवलं की दक्षिण नॉर्वेत परदेशी धान्य येणार नाही, फक्त डेन्मार्कचं येईल. डॅनिश जमीनदारांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. पीक बुडालं की किंमत नॉर्वेचा गरीब मोजणार. मग १७६२ मध्ये, रशियाशी युद्ध होणार म्हणून उभारलेल्या फौजेचं कर्ज फेडायला, नवा जादा कर आला: बारा वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यामागे महिना आठ स्किलिंग, म्हणजे वर्षाला एक रिक्सडालर. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच. घरात सहा मोठी माणसं तर सहा रिक्सडालर, मग गोठ्यात एकच गाय का असेना. एप्रिल १७६५ मध्ये बर्गनच्या आसपासच्या किनाऱ्यावरचे कोळी-शेतकरी, यांना ‘स्ट्रिल’ म्हणतात, हजारोंनी शहरात शिरले आणि प्रांताधिकाऱ्यालाच हाताला धरून चोप दिला. पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या, पण १७७२ मध्ये तो कर गेला.

स्ट्रिल लोकांचा असो की लोफ्थूसचा, राग एका ठरावीक साच्यातला होता: राजा चांगला, त्याला खरं कळत नाही, मधले अधिकारी लुटतात. राजाविरुद्ध कुणी बोलत नसे. लोफ्थूसही दक्षिण किनाऱ्यावरच्या लिलेसांजवळचा शेतकरी, थोडाफार व्यापार करणारा. जून १७८६ मध्ये तो कोपनहेगनला युवराज फ्रेडरिकला भेटला. वेडसर झालेल्या बापाच्या नावाने कारभार तोच पाहत होता. युवराजाला पुरावा हवा होता. लोफ्थूस घरी आला आणि गावोगाव फिरून सह्या घेऊ लागला.

इथे तो चुकला, किंवा राज्याच्या दृष्टीने चुकला. एका शेतकऱ्याने अर्ज करणं ही प्रथा होती. शेकडो शेतकऱ्यांनी एका कागदाखाली उभं राहणं हे बंड होतं. तिंग भरवायचं ते राजाच्या माणसाने. लोफ्थूस स्वतःचं तिंग भरवू लागला होता. दुसऱ्या खेपेला शेतकऱ्यांना घेऊन तो कोपनहेगनला निघाला, पण अटकेच्या भीतीने वाटेतूनच परत फिरला. मार्च १७८७ मध्ये तो पकडला गेला. याच वेळी नेमलेल्या चौकशी आयोगाला तक्रारींत तथ्य आढळलं. काही अधिकारी खरोखरच जास्त पैसे घेताना सापडले. १७८८ मध्ये धान्याची मक्तेदारीही उठली. तक्रार खरी ठरली आणि तक्रारदार किल्ल्यात राहिला.

शेवट बाहेरून आला. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला होतं. १८०७ पासून ब्रिटिश जहाजांनी समुद्र अडवला, धान्य बंद झालं, लोकांनी झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी केल्या. कोपनहेगनचे हुकूम वेळेवर पोचेनात, तेव्हा नॉर्वे स्वतःचं स्वतः चालवायला शिकला. १८११ मध्ये, कित्येक वर्षांच्या मागणीनंतर, पहिलं विद्यापीठ मंजूर झालं. आणि १४ जानेवारी १८१४ च्या कीलच्या तहात राजाने नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकला.

नॉर्वेने ते मानलं नाही. फेब्रुवारीत गावोगावच्या देवळांत लोकांना जमवलं गेलं. त्यांनी स्वातंत्र्याची शपथ घेतली आणि तिथेच निवडणूक करणारे प्रतिनिधी निवडले. त्यांतून आलेले ११२ जण एप्रिलमध्ये आइड्सवॉल या गावी संविधान लिहायला बसले: ५७ अधिकारी, ३७ शेतकरी, १८ व्यापारी आणि कारखानदार. सोरेनस्क्रीवर होते, पाद्री होते, वसुलीवाले होते. तिंगाच्या ज्या खोलीत एकमेकांवर डोळे वटारले, तिथलीच माणसं. पाच-सहा आठवड्यांत, १७ मेला, संविधान तयार झालं. त्यात ओडेलचा हक्क राखला गेला आणि नव्या संसदेने लवकरात लवकर नवी कायदेसंहिता करावी, असं कलमही घातलं गेलं.

फौजदारी कायदा पुढे झाला. दिवाणी संहिता मात्र आजतागायत झालेली नाही. म्हणून ओस्लोतला वकील करारभंगाचा दावा लढताना आजही १६८७ च्या त्याच ग्रंथातल्या पाचव्या भागाच्या पहिल्या प्रकरणाचं दुसरं कलम उद्धृत करू शकतो: सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेली खरेदी, विक्री, देणगी, गहाण, कर्ज, भाडं, जे काही असेल ते, कायद्याच्या आणि सभ्यतेच्या विरुद्ध नसेल, तर शब्दन् शब्द पाळलं गेलं पाहिजे.